दोनदा बर्ट्राम

"पपा, चुना संपत आलाय."

पपांनी मान वर केली नाही. इर्मगार्डनं बादली खाली ठेवली आणि ती थांबली. पपांना हाक मारली की थांबावं लागतं, हे घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्यांना ऐकू कमी येत होतं असं नाही. गोठ्यात वासरू उठलं तरी त्यांना झोपेत कळायचं. पण हाक आणि उत्तर यांच्यामध्ये ते नेहमी थोडी जागा मोकळी सोडत, वहीच्या पानाला समास सोडावा तशी.

"पोत्यामागं अर्धा डबा आहे," ते म्हणाले. "पाणी बेतानं घाल, पोरी. गेल्या वर्षी तू त्याचं ताक केलं होतंस."

उद्या मृतांचा दिवस होता. बोटीनं आलेल्या जर्मनांनी वसवलेल्या श्टाइनतालच्या खोऱ्यातलं झाडून सगळं माणूस आज चर्चमागच्या उतारावर जमलं होतं. कुणी गवत उपटत होतं, कुणी थडग्यांच्या कडा पांढऱ्या करत होतं, बायका गेल्या वर्षीची प्लास्टिकची फुलं साबणाच्या पाण्यात बुचकळून काढत होत्या. पपांचं काम वेगळं होतं. ते अक्षरं रंगवत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी दूध गोळा करणारी लॉरी चालवली होती. फाटकाफाटकाशी ठेवलेले कॅन उचलायचे, शहरातल्या डेअरीत पोचवायचे, रिकामे परत आणायचे. कॅन ज्याचा त्याला मिळावा म्हणून ते त्यांवर नावं घालत. हात बसला, तसे लोक थडग्यांसाठीही बोलावू लागले. आता दरवर्षी या दिवशी काळ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन ते ओळीओळीनं फिरत आणि पावसानं पुसट केलेली नावं पुन्हा उठवून देत.

स्वतःच्या घराची ओळ ते शेवटी घेत. आजोबा, आजी, इर्मगार्डची आई सेल्मा. त्यांच्या पलीकडे दोन लहान दगड. एकावर बर्ट्राम, दुसऱ्यावर इर्मगार्ड.

खोऱ्यातली जुनी रीतच तशी होती. लहान मूल गेलं, तर पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचं. नाव मातीत पडू द्यायचं नाही, घरी परत आणायचं. पपांच्या आधी जन्मलेला एक बर्ट्राम पाळण्यातच गेला होता. इर्मगार्डच्या आधी जन्मलेली एक इर्मगार्ड चालायला लागल्यावर घशाच्या आजारानं गेली होती. त्यामुळे बाप आणि लेक दोघंही दरवर्षी आपापलं नाव दगडावर वाचत आले होते. त्यात कुणाला विशेष वाटत नसे. खोऱ्यात असे पुष्कळ होते.

पपांनी बर्ट्रामचा दगड झटपट उरकला. मग पोतं पुढं सरकवून ते इर्मगार्डच्या दगडासमोर बसले. इथं त्यांना वेळ लागे. एकेक अक्षर ते खालून वर नेत, मग हलक्या फुंकरीनं वाळवत, मग पुढचं घेत.

इर्मगार्ड चुन्याचा ब्रश हातात धरून बघत राहिली. या फुंकरीकडे ती आठवतंय तेव्हापासून बघत आली होती. ही अक्षरं पपा इतक्या मायेनं लिहितात, पण त्यांच्या तोंडून तिनं ती कधी ऐकली नव्हती. ते तिला 'पोरी' म्हणत. कालवडीलाही पोरीच म्हणत. लहानपणी तिनं खूप युक्त्या केल्या. एकदा संध्याकाळी ती मक्याच्या शेतात लपून बसली होती. अंधारायला लागलं की त्यांना हाक मारावीच लागेल, असा तिचा हिशेब होता. आईनं अंगणातून हाका मारमारून घसा कोरडा केला. पपांनी अवाक्षर काढलं नाही. एकेक ओळ हातांनी बाजूला सारत ते अख्खं शेत तुडवत आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. "चल, पोरी," म्हणाले.

नाव पहिलीचं आहे, आपण ते नुसतं वापरतो, असं तिनं तेव्हा ठरवून टाकलं. पुढं पोर्तो अलेग्रेला शिकायला गेली, तिथल्या एका शाळेच्या ग्रंथालयात लागली, हाताला येईल ते वाचत गेली, चाळिशी ओलांडली, आणि अजूनही दरवर्षी सुट्टी काढून चुना लावायला येत होती. एकदा त्यांनी नाव घ्यावं. घरात, साध्या बोलण्यात, मीठ मागताना घ्यावं तसं. एवढंच तिला हवं होतं, आणि एवढंच ती कधी मागू शकली नव्हती.

"बर्ट्राम!"

फाटकातून अकिले येत होता. एका हातात वेष्टणातली वाइनची बाटली, दुसऱ्यात ग्लॅडिओलाचा जुडगा. वरच्या डोंगरावरच्या इटालियन वस्तीतला हा अकिले बेल्त्रामे पपांचा लष्करापासूनचा मित्र. बायको खोऱ्यातली होती, म्हणून तिचं थडगं इथं.

पपा फुंकर घालत होते.

"बर्ट्राम!" अकिलेनं पुन्हा हाक दिली आणि इर्मगार्डकडे पाहून डोळा मारला. "बघितलंस? याला दोनदा हाक मारावी लागते. म्हणून तर बापानं दोनदा नाव ठेवलं."

हा विनोद खोऱ्याइतकाच जुना होता. पपांचं आडनावही बर्ट्रामच. मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याचं नाव द्यायची पद्धत, आणि धर्मपिता झालेला मामा नेमका बर्ट्राम निघाला. त्याचं नाव आणि घराचं आडनाव एकमेकांना येऊन भिडली. थोरलं मूल गेलं तेव्हा तो जोड जसाच्या तसा पपांच्या गळ्यात आला.

"लष्करात काय झालं ठाऊक आहे का तुला?" अकिलेनं विचारलं. तिला ठाऊक होतं. "हवालदार म्हणाला, नाव? हा म्हणाला, बर्ट्राम. आडनाव? बर्ट्राम. हवालदार म्हणाला, ते ऐकलं मी, आता आडनाव सांग. हा पुन्हा, बर्ट्राम. आठवडाभर संडास घासले यानं."

"तू हसलास म्हणून तूही," पपा म्हणाले.

"मी बेल्त्रामे सांगितलं होतं नीट. माझ्यावर आळ नव्हता."

"तसं बघितलं तर तुमचंही तेच नाव आहे, अकिलेकाका," इर्मगार्ड म्हणाली.

तिला एवढं बोलायचं नव्हतं. पण हिवाळ्यात ग्रंथालयात नावांचा एक जाडजूड कोश आला होता आणि तिनं सगळ्यात आधी ब अक्षर काढलं होतं. अकिले बायकोच्या थडग्याच्या कडेवर टेकला. तेव्हा ती सांगत गेली. नाव फार जुनं, जर्मन टोळ्यांमधलं. त्या जिथं जिथं गेल्या तिथं ते त्यांच्याबरोबर गेलं. लोंबार्ड इटलीत उतरले, तिकडच्या तोंडात त्याचं बेल्त्रामे झालं. नॉर्मन लोकांनी ते फ्रान्सहून इंग्लंडला नेलं. आधी ते नुसतं नाव होतं, आडनावं कुणाला नव्हतीच. मग एखाद्या गावात एखादा बर्ट्राम असा निघाला, की त्याच्या पोरांना लोक 'बर्ट्रामची' म्हणू लागले, मग नातवंडांनाही. म्हातारा गेला, पण नाव घराला चिकटून राहिलं.

"म्हणजे हा माझा भाऊ?" अकिलेनं विचारलं.

"नावापुरता."

"नावापुरता का होईना. साठ वर्षं फुकट वाइन पाजली, ती निदान घरातच राहिली." मग त्याला काहीतरी आठवलं. "आणि तो शवपेट्यावाला बेल्त्राऊं? शहरातला?"

"त्याच्या आडनावाबद्दल जाणकारांत वाद आहे."

"असणारच. माणूसच वादाचा आहे."

पपांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळला. "दुधाच्या कॅनसारखं आहे म्हणायचं," ते म्हणाले. "कारखान्यातून सगळे सारखेच निघतात. पोचे ज्याच्या त्याच्या घरचे."

"अर्थ काय त्याचा?" अकिलेनं विचारलं.

"पहिला अर्धा भाग म्हणजे उजळ, तेजस्वी. दुसरा म्हणजे डोमकावळा."

"म्हणजे कसला पक्षी?"

"मोठा, काळा. तिकडं युरोपात असतो. जुने लोक त्याला लढाईच्या देवाचा पक्षी मानायचे, म्हणून मुलाला त्याचं नाव द्यायचे. आपल्याकडे नाही तो. दक्षिण अमेरिकेत कुठंच नाही."

अकिले मोठ्यानं हसला. "नाव बोटीत चढलं आणि पक्षी धक्क्यावरच राहिला!"

पपा हसले नाहीत. ते कुंपणापलीकडच्या गवताकडे बघत होते. तिथं काही लहान काळे पक्षी टिपत होते आणि उन्हात त्यांची पिसं जांभळट चकाकत होती.

"उजळ आणि काळा," ते म्हणाले. "म्हणजे आपला शुपीं."

"शुपीं!" अकिलेनं मांडीवर थाप मारली. "दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो, पोर त्याच्याच जिवावर वाढतं. बरोबर आहे. म्हणून तर हा दर रविवारी माझ्याकडे जेवायला असतो."

"पिल्लाचा त्यात काय दोष," पपा म्हणाले. "कुठल्या घरट्यात निघायचं ते त्याला कोण विचारतं."

ते सावकाश उठले, गुडघे चोळले आणि डब्याला झाकण लावलं. फाटकाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "तो पहिला कोण होता, पोरी? ज्याचं नाव घराला चिकटलं तो?"

"ते कुणालाच माहीत नाही, पपा."

"त्याला तरी स्वतःचं मिळालं असेल," ते म्हणाले आणि लॉरीच्या काळापासूनच्या सवयीनं फाटकाची कडी दोनदा तपासून पुढं निघाले.

संध्याकाळी तिनं पाव कापला, सॉसेज तळले. पपांनी हात धुतले तरी नखांत काळा रंग राहिला होता. जेवताना फारसं बोलणं झालं नाही. कधीच होत नसे. कॉफीचा कप पुढं ओढताना ते म्हणाले, "आणि तुझ्याचा काय अर्थ आहे? बघितलास की नाही?"

"बघितला. पहिला भाग म्हणजे अवघं, सगळं. दुसरा म्हणजे कुंपण. राखलेली जागा."

पपांनी मान डोलावली. ती वाट बघत होती. आता ते एकदा म्हणून बघतील, अर्थ जिभेवर घोळवून बघतील, असं तिला वाटलं. त्यांनी कप रिकामा केला आणि बशीत उपडा ठेवला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "जपून ठेव."

आणि कोंबड्यांचं दार लावायला गेले.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा पपा ओसरीवरच्या बाकावर बसलेले होते. हातात शिमाराँवच्या चहाचा पेला, आतून पोखरलेला भोपळा. त्या कडू हिरव्या पत्तीचं पाणी ते रोज पहाटे एकटेच पीत. धातूची नळी तोंडापासून जराशी बाजूला गेली होती. किटलीतलं पाणी अजून कोमट होतं. टोपी गुडघ्यावर होती.

"पपा," ती म्हणाली, आणि सवयीनं थांबली.

ती पुष्कळ वेळ थांबली. अंगणातून कोंबडी आली, पायरीवर चढली, उतरून गेली. मग इर्मगार्डनं भोपळा त्यांच्या हातातून काढून घेतला, आतला चोथा झाडाच्या बुंध्याशी उपडा केला, भोपळा विसळला आणि पालथा घालून ठेवला. त्यानंतर ती शेजारी राहणाऱ्या ओटिलीकडे गेली. तांते ओटिली ही तिची आत्या, पपांची धाकटी बहीण. ती केसांचा आंबाडा घालत होती. तिनं इर्मगार्डच्या तोंडाकडे बघितलं आणि पिना तोंडातून काढून ओट्यावर ठेवल्या.

माणूस गेलं की खोऱ्यात घंटा होते आणि लोक हातातलं काम टाकून विचारायला येतात, कोण गेलं. पण त्या दिवशी घंटा सगळ्याच मृतांसाठी वाजायची होती. ती पपांसाठी वाजते आहे हे कुणाला कळलं नाही. लोक ठरल्याप्रमाणे फुलं घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून, पोरांना हाताला धरून आले. उतारावरच्या ताज्या काळ्या अक्षरांकडे बघून एकजण म्हणालाही, "यंदा बर्ट्रामनं छान केलंय." मग फाटकाशी कुणीतरी सांगितलं. पुरुषांनी टोप्या काढल्या आणि पुन्हा घालाव्यात की नाही हे न कळून त्या हातातच धरून ठेवल्या.

इर्मगार्ड सगळं करत होती. पपांचा काळा कोट कपाटातून काढला, खुर्च्या मांडल्या, दूध तापवलं. कुणी मिठी मारली की ती उभी राहत होती. रडू आलं नाही. तिला वाटलं, चुन्याची बादली तिथंच राहिली आहे आणि ब्रश धुवायचा राहिला आहे. तो वाळून कडक होईल. दिवसभर तिच्या मनात ती बादलीच येत राहिली.

दुसऱ्या दिवशी पेटी उचलायची वेळ आली तेव्हा जरा खोळंबा झाला. पुढच्या बाजूला घरातले पुरुष लागतात. मुलगा नव्हता, भाऊ पाळण्यातच गेलेला, पुतणे नव्हते. शेजारी एकमेकांकडे बघू लागले. बेल्त्राऊंचा माणूस पांढरे हातमोजे घेऊन उभा होता.

"सरका," अकिले म्हणाला आणि गर्दीतून पुढं आला. त्याची मान वाकली होती. "मी भाऊ आहे."

"अहो काका, तुमचं वय..." कुणीतरी म्हणालं.

"वयाचं काय? भाऊ आहे मी त्याचा. हिनंच सांगितलंय. पुस्तकात आहे."

इर्मगार्डकडे सगळ्यांचे डोळे वळले.

"आहे," ती म्हणाली.

अकिलेनं पुढची कडी धरली. त्याच्या बाजूनं पेटी जरा खाली राहिली, तशीच ती उतारावरून गेली. मागच्यांनी आपापली उंची कमी करून घेतली.

दफनानंतर चर्चच्या दालनात कॉफी होती. बायकांनी घरोघरून कूका आणला होता, वर साखरेचा चुरा टाकलेला गोड पाव. लोक आधी हळू बोलत होते, मग हवेबद्दल बोलू लागले, मग कुणीतरी हवालदाराची गोष्ट सांगितली आणि हसू फुटलं. इर्मगार्ड तुकडा हातात धरून बसली होती. चुरा तिच्या काळ्या स्कर्टवर पडत होता.

ओटिली शेजारी येऊन बसली. "खा. कालपासून पोटात काही नाही तुझ्या."

"तांते," इर्मगार्ड म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला, कुणीतरी दुसरं पत्ता विचारत असल्यासारखा. "पपांनी मला कधी नावानं हाक मारली नाही."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या आईचा जीव जायचा त्यापायी." ओटिलीनं तिच्या स्कर्टवरचा चुरा झटकला. "तू जन्मलीस तेव्हा या माणसानं जन्मात पहिल्यांदा भांडण केलं. आमच्या बापाशी. बाप म्हणाला, नाव मातीत पडलंय, ते घरी आणायचं. सेल्मालाही तेच हवं होतं. तिला ते घरात पुन्हा ऐकायचं होतं, बिचारीला. आणि हा म्हणाला, नाही. या पोरीला तिचं स्वतःचं द्या, कुठलंही द्या. बाप म्हणाला, तुला काय झालं? तुझं काय वाईट झालं?"

"मग?"

"मग काय, बोलता येतं का त्याला? गप्प बसला. बारशाच्या दिवशी गोठ्यामागं उभा होता. मी गेले बोलवायला. मला म्हणाला, ठेवू देत. पण मी ते वापरणार नाही. ज्या तोंडानं त्या पोरीला हाक मारली, त्या तोंडानं हिला मारणार नाही. हिला वाटायला नको की आपल्या मागं कुणीतरी उभं आहे."

इर्मगार्डनं कूकाचा तुकडा या हातातून त्या हातात घेतला.

"लहानपणी आई दारात उभी राहून जेवायला हाक मारायची," ओटिली म्हणाली. "बर्ट्राम! की आम्ही सगळे पळत सुटायचो. हा पायरीवर बसून राहायचा. मी दंड ओढायचे त्याचा. अरे, चल की, हाक ऐकू येत नाही का? तर म्हणायचा, थांब. त्याला यायचं असेल, तर आधी त्याला जाऊ दे."

"कुणाला?"

"त्या लहानग्याला. ज्याचं नाव होतं त्याला." ओटिलीनं कप उचलला, त्यात काही नव्हतं, पुन्हा ठेवला. "मला वाटलं मोठा झाल्यावर सुटेल ती सवय. लोकांना वाटायचं बहिरा आहे."

दालनाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा कुणीतरी हसलं. इर्मगार्डला मक्याचं शेत आठवलं. पानांची सळसळ जवळ येत होती, त्या दिवसाचा उजेड जात होता, आणि पपा एकेक ओळ हातांनी सारत चालले होते, तोंड घट्ट मिटून.

तिनं कूका तोंडात घातला. तो कोरडा लागला. तिनं तो चावून गिळला, कारण ओटिली बघत होती.

ख्रिसमसच्या आधी थडग्याची पितळी पाटी तयार झाली. बेल्त्राऊंनी ती बसवून दिली आहे असा निरोप आला, तेव्हा इर्मगार्ड शनिवारची बस पकडून आली. ओटिलीही बरोबर निघाली, पण उतार तिच्यानं होईना. ती फाटकाजवळच्या बाकावर टेकली. अकिले आधीच तिथं होता. तो पाटीकडे बघत उभा होता आणि डोकं हलवत होता.

पाटीवर तारखा होत्या, क्रूस होता, आणि नाव एकदाच होतं. बर्ट्राम.

"फोनवर सांगितलं होतं ना नीट?" अकिलेनं विचारलं.

"सांगितलं होतं. दोनदा."

"हो, म्हणूनच. त्याला वाटलं असणार, रडता रडता पुन्हा म्हणालीस." अकिलेनं बोटानं पाटीवर टिचकी मारली. "वादाचा माणूस. मी त्या दिवशी म्हणालोच."

"काय झालं?" ओटिलीनं बाकावरून ओरडून विचारलं.

"एक बर्ट्राम राहून गेला!" अकिले ओरडला.

"कुठला? पहिला की दुसरा?"

अकिले पुन्हा पाटीकडे वळला. "ते पाटीवर कळत नाही," तो हळूच म्हणाला. मग इर्मगार्डला म्हणाला, "मी सोमवारी जातो त्याच्याकडे. फुकट करून द्यायला लावतो नवीन."

"नको, काका," ती म्हणाली. "हे आडनाव आहे. हे असू दे."

पपांचा रंगाचा डबा आणि ब्रश तिनं पिशवीत आणला होता. चुन्याचा ब्रश वाळून कडक झाला होता, पण हा त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं धुवून ठेवला होता. तिनं पोतं दुमडून खाली घातलं आणि गुडघ्यांवर बसली. पाटीच्या वर दगड मोकळा होता. अकिले बायकोच्या थडग्याकडे निघून गेला.

तिला हे काम येत नव्हतं. पहिलं अक्षर जाड झालं. दुसऱ्याचा पाय घसरला, तो तिनं नखानं खरवडला. ती खालून वर गेली, त्यांना बघून माहीत होतं तसं. प्रत्येक अक्षरावर हलकी फुंकर घातली. घराच्या ओळीत हे नाव याआधीही एका दगडावर होतं, पण ते तिनं लिहिलेलं नव्हतं. हे तिनं लिहिलं होतं, एका माणसासाठी, त्याला ओळखून.

शेवटचं अक्षर झालं. तिनं झाकण लावलं. बाजूच्या लहान दगडावरची तिच्या नावाची अक्षरं अजून काळी कुळकुळीत होती. कुंपणापलीकडे शुपीं टिपत होते.

"बर्ट्राम," ती मोठ्यानं म्हणाली.

फाटकाशी ओटिलीनं मान वर केली. वडलांना कुणी असं नावानं हाक मारत नाही. इर्मगार्ड थांबली, जेवढं थांबायची सवय होती तेवढी. लहानग्या बर्ट्रामच्या दगडाकडे तिनं एकदा पाहिलं. तिकडून कुणी आलं नाही.

"पपा, तुम्हालाच हाक मारतेय," ती म्हणाली. "मी, इर्मगार्ड."